रमादीची जखम

माझ्या भावाला आमच्या बापानं गोळी घातली ती एका शनिवारी सकाळी, स्वयंपाकघरात. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, डेल अठराचा. भांडण कुत्रीवरून झालं. बापानं, म्हणजे ऑरिन प्रेदरनं, रात्रीची न उतरलेली दारू घेऊन कुत्रीला लाथ घातली, ती भिंतीवर जाऊन आदळली, आणि डेल मध्ये पडला. दोघांची झोंबाझोंबी झाली, खुर्ची मोडली. आई शेगडीपाशी उभी राहून "पुरे रे, पुरे आता" एवढंच म्हणत होती. मग बाप मागच्या खोलीत गेला. आम्हाला वाटलं झोपायला गेला. तो पिस्तूल घेऊन परत आला आणि एक शब्द न बोलता त्यानं डेलच्या मांडीत गोळी घातली.

डेल ओरडला नाही. दमलेला माणूस बसतो तसा तो खाली बसला आणि स्वतःच्या पायाकडं बघत राहिला. रक्त त्याच्या बुटात उतरत होतं. मी भांडी पुसायचा फडका घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. बोटांखाली गरम काहीतरी उसळत होतं, ते मला अजून आठवतं. बाप टेबलाशी बसला, पिस्तूल साखरेच्या डब्याजवळ ठेवलं आणि गार झालेली कॉफी पिऊन टाकली.

इस्पितळात जाताना गाडीत आईनं आम्हाला काय बोलायचं ते शिकवलं. साफ करताना सुटली. डेलनं तसं सांगितलं, मी तसं सांगितलं, आणि शेरीफच्या माणसानं तसं लिहून घेतलं. पूर्व ओक्लाहोमात आमच्या भागात असल्या गोष्टी लिहून घेणारा माणूस दोनदा विचारत नाही.

डेल पुढं सैन्यात गेला. कुवेतमध्ये चौदा महिने ट्रक दुरुस्त केले. गिअरबॉक्स, ब्रेक, पंख्याचे पट्टे. तिथं त्याच्यावर कुणी गोळी झाडली नाही आणि त्यानंही कुणावर झाडली नाही. परत आला, लग्न केलं, मोडलं, आणि आईच्या मागं राहिलेल्या जमिनीवर चांदमारीची जागा केली. मातीचा बांध, समोर लोखंडी पाट्या. पैसे घेऊन लोकांना नेमबाजी शिकवायचा. माझं तेव्हा लग्नांचे व्हिडिओ काढायचं काम होतं. मीच म्हटलं, "अरे, तू बोलतोस छान. तुझं शूटिंग करू."

असं 'प्रेदर्स यार्ड' हे आमचं चॅनल सुरू झालं. आठवड्याला दोन व्हिडिओ. एकात एखादी बंदूक वापरून बघायची, दुसऱ्यात काही शिकवायचं: पिस्तूल पटकन कसं काढायचं, जखमेवर पट्टा कसा आवळायचा, चिलखत घातलेला माणूस समोर असेल तर गोळी कुठं मारायची. डेल खरंच चांगला शिकवायचा. चित्रफीत कापणं, जोडणं, आवाज भरणं माझ्याकडं. बंदुकीचा खरा आवाज मायक्रोफोनवर फळी आपटल्यासारखा येतो, लोकांना तो खोटा वाटतो. म्हणून मी वरून दुसरा, मोठा आवाज घालायचे. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एका लाईव्हमध्ये डेलनं अर्धी पँट घातली होती. मांडीवरचा वण दिसत होता. कुणीतरी लिहिलं, "सर, हे युद्धातलं का?"

डेल ते वाचून थांबला. कॅमेऱ्यामागं मी उभी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. बापानं मारली असं तीन हजार लोकांसमोर कोण सांगेल? नुसतं "हो" म्हणून पुढं गेला असता तरी निभावलं असतं.

"रमादी," डेलनं इराकमधल्या लढाईच्या त्या शहराचं नाव घेतलं. "त्याबद्दल मी फार बोलत नाही."

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, तळलेला मांजरमासा आणि मक्याचा पाव. मी म्हटलं, "तो तुकडा काढून टाकते."

"राहू दे," तो म्हणाला.

"डेल, लोक विचारतील."

"विचारू देत. रमादी म्हटलं की लोक मान खाली घालतात, ट्वायला. बापाचं नाव घेतलं की कीव करतात. मला कुणाची कीव नको."

मी तो तुकडा ठेवला. आणि पुढची सहा वर्षं ठेवत गेले. रमादीच्या गोष्टीत एक गल्ली आली, मग एक दार, मग दारामागचा माणूस, मग डेलच्या मांडीवर मरण पावलेला मित्र. प्रत्येक वेळी मी कापायला बसायचे आणि प्रत्येक वेळी त्या जागी मागं हळू संगीत घालायचे. बघणारे नऊ लाख झाले. चिलखतवाले, दुर्बीणवाले, काडतुसवाले आम्हाला माल पाठवायला लागले.

गिडियन स्ट्राउड खरोखर रमादीत होता. मरीन. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. त्याचंही चॅनल होतं, आमच्याहून लहान, कोरडं. बसून बोलायचा, बंदूक उघडून दाखवायचा, बंद करायचा. त्यानं आधी डेलला खाजगीत तीन पत्रं लिहिली. कुठली तुकडी, कुठला महिना, कुठल्या पुलाच्या बाजूला? डेलनं उत्तर दिलं नाही. मग गिडियननं तेच प्रश्न जाहीर विचारले. आमचे लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या तुटक्या बोटांवरून काय काय लिहिलं ते मी इथं सांगत नाही.

टल्साला बंदुकांचं प्रदर्शन होतं, तिथं दोघं समोरासमोर आले. गिडियन आमच्या टेबलाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "डेल, दोन मिनिटं बाहेर येतोस?"

गाड्या लावायच्या जागेत आम्ही तिघं उभे राहिलो. मागं फोन घेऊन पंधरा-वीस लोक आलेच.

"माझ्या पलटणीतले सहा जण तिथं मेले," गिडियन म्हणाला. "तुझ्या मांडीवर जो मेला म्हणतोस, त्याचं नाव सांग. मी त्याच्या आईला फोन करतो. मी सगळ्यांच्या आयांना करतो, वर्षातून एकदा."

"तुला कशाला सांगू?"

"बरं, मी माझी सांगतो. हॅन्ली. ओर्टेगा. पीट लुंडक्विस्ट, त्याला जबडा नव्हता राहिला..."

तिसऱ्या नावाला डेलनं ठोसा मारला. गिडियनचं नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो गुडघ्यावर पडला, उठला, आणि त्या तीन बोटांच्या हातानं डेलच्या तोंडावर असा तडाखा दिला की डेलचा दात एका गाडीच्या बॉनेटवर जाऊन पडला. मग तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. एक, दोन, तीन. लोक फोन धरून उभे होते, सोडवायला कुणी येईना. मी गिडियनचे केस धरून मागं ओढले.

तो उठला, नाकातलं रक्त बाहीला पुसलं आणि मला म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत आहे ना?"

मी मान वळवून डेलला उठवायला लागले. ते त्याला पुरलं.

दोन महिन्यांनी त्यानं आमच्या बापाला शोधून काढलं.

ऑरिन प्रेदर तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा होता. फुप्फुसं गेलेली, नाकात प्राणवायूची नळी, आमच्यापासून नऊ मिनिटांवर जंगलाच्या कडेला एका जुन्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहायचा. मी महिन्यातून एकदा त्याची औषधं पायरीवर ठेवून यायचे. डेल तेवीस वर्षांत एकदाही गेला नव्हता. गिडियन कॅमेरा घेऊन गेला आणि म्हाताऱ्याला डेलचा व्हिडिओ दाखवला.

"रमादी?" बाप हसला. हसता हसता खोकला, नळी बाजूला झाली, ती परत लावली. "अरे, ती माझ्या स्वयंपाकघरातली गोळी आहे. मी घातली. पिस्तूल अजून आहे माझ्याकडं, दाखवू?"

"स्वतःच्या मुलाला?"

"माजला होता."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. थोडी वर बसायला हवी होती."

तो व्हिडिओ तीस लाख लोकांनी पाहिला. शेवटी गिडियन ट्रेलरमधून बाहेर पडतो, फाटकाशी येतो, आणि दोन सेकंद टपालाची पेटी दिसते. पेटीवर घराचा नंबर, दोन हजार दोनशे अठरा; आमच्या भागात घर शोधायला तेवढा पुरतो. ते दोन सेकंद कापायचे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं, कारण ते माझं कामच आहे. पण मी त्याला कळवलं नाही.

आठवड्याभरात माल पाठवणारे सगळे गेले. चिलखतवाल्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं. कुणीतरी आमच्या लोखंडी पाट्यांवर लाल रंगानं 'खोटारडा' लिहून ठेवलं, कुणीतरी फाटकावर मेलेलं रानडुक्कर टाकलं, पोट फाडलेलं. मी डेलला म्हटलं, माफी माग, सगळं सांग, मी लिहून देते. त्यानं कबूल केलं. रविवारी लाईव्ह ठेवलं. एक्केचाळीस हजार लोक आले.

डेलनं कागदावरच्या दोन ओळी वाचल्या. मग त्याची नजर पडद्यावर सरकणाऱ्या अक्षरांकडं गेली. कुणीतरी लिहिलं होतं: म्हाताऱ्याचा नेम नीट असता तर जगाचं भलं झालं असतं.

त्यानं कागद चुरगळला.

"तुम्हाला तो म्हातारा खरा वाटतो?" तो म्हणाला. त्याच्या मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. "त्या माणसानं माझ्या आईच्या बरगड्या मोडल्या. माझ्या बहिणीला हिवाळ्यात कोठीत कोंडलं. आणि आज तो हसतो आणि तुम्ही त्याच्याबरोबर हसता? कुणीतरी जाऊन त्याचं तोंड कायमचं बंद करा. जो करेल त्याला माझ्याकडून बीअर."

मी वायर उपटली. आवाज बंद झाला, पडदा काळा झाला.

"काय बोललास तू?"

"रागात बोललो."

"रागात बोललेलं एक्केचाळीस हजारांनी ऐकलं, मूर्खा!"

व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो तुकडा हजार ठिकाणी पोचला होता.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास मी चॅनलचे निरोप बघत होते. एक फोटो आला. टपालाची पेटी, दोन हजार दोनशे अठरा. खाली लिहिलं होतं: 'सर, पोचलोय. तुमच्यासाठी.'

नाव कोल्बी रेन्फ्रो. ते नाव मला पाठ होतं. तीन वर्षं प्रत्येक व्हिडिओखाली पहिल्या दहांत त्याची ओळ असायची. अर्कान्सासातल्या कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला, वय बावीस. आमच्या चॅनलचं नाव छापलेला शर्ट घालून फोटो पाठवला होता, तेव्हा मी खूश होऊन त्याला टोपी पाठवली होती फुकट.

मी शेरीफच्या कचेरीत फोन केला. जवळची गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती, अर्धा तास म्हणाले. डेलच्या कमरेला पिस्तूल होतंच. आम्ही पिकअपमध्ये बसलो, डेल चालवायला. अर्ध्या वाटेत म्हणाला, "म्हातारा मेला तर मीच मारला असं होईल."

"अजून मेला नाही. गाडी चालव."

आम्ही पोचलो तेव्हा बाप ट्रेलरच्या पायऱ्यांपुढं मातीत गुडघ्यावर बसला होता. प्राणवायूची टाकी शेजारी आडवी पडलेली. त्याच्या कपाळावरून रक्त वाहत होतं, बंदुकीच्या दस्त्याचा घाव. मागं कोल्बी उभा, अंगात आमच्याच व्हिडिओतलं चिलखत, हातात रायफल, छातीवर पट्ट्यानं बांधलेला फोन. तो सगळं लाईव्ह दाखवत होता. चेहरा गोल, लालबुंद, हनुवटीवर चार केस.

आम्हाला बघून तो तोंडभर हसला.

"सर! तुम्ही स्वतः आलात! मी त्याला बाहेर काढलाय. आता बोलेल तो खरं. बोल रे ए थेरड्या, सरांना सांग खोटं बोललो म्हणून!"

डेल गाडीच्या दाराआड उभा राहिला, दोन्ही हात दिसतील असे. मी माझ्या बाजूनं खाली उतरून चाकामागं बसले.

"कोल्बी ना तू?" डेल म्हणाला. "कोल्बी, बंदूक खाली ठेव. तो खोटं नाही बोलला."

"काय?"

"मी रमादीला कधी गेलो नाही. ट्रक दुरुस्त करायचो मी, कुवेतमध्ये. गोळी यानंच मारली. सगळं खरं आहे. मी खोटारडा आहे, बाळा. तू घरी जा."

कोल्बीनं मान हलवली. एकदा, दोनदा. "नाही. तुम्हाला हे बोलायला लावलंय. त्या स्ट्राउडनं लावलंय ना?"

"कुणी नाही लावलं."

"तुम्ही सांगितलंत ना सर, तोंड बंद करा म्हणून? मी ऐकलंय. चार वेळा ऐकलंय."

"ते माझं चुकलं."

आणि इथं आमचा बाप, जो जन्मात कधी गप्प बसला नव्हता, मातीत थुंकला आणि म्हणाला, "सांगत नव्हतो तुला? हा रडका लहानपणापासून असाच आहे."

कोल्बीनं गोळी झाडली. बाप तोंडावर पडला.

पुढचं सगळं मोजून चार-पाच सेकंदांत झालं. डेलनं पिस्तूल काढलं. ते काढणं त्यानं कॅमेऱ्यासमोर हजार वेळा केलं होतं, हात आपोआप गेला. पहिली गोळी कोल्बीच्या छातीवर, फोनवर बसली, काच उडाली. दुसरी त्याच्या खाली, चिलखतावर. कोल्बी मागं सरकला पण पडला नाही. त्यानं आमच्या दिशेनं झाडायला सुरुवात केली. पिकअपची काच फुटून माझ्या गालात घुसली, दारात एकामागून एक भोकं पडली. मग डेलनं हात थोडा खाली आणला आणि दोनदा झाडली, कमरेखाली, जिथं चिलखत संपतं. तेही त्यानंच शिकवलं होतं लोकांना. त्या व्हिडिओखाली कोल्बीची ओळ होती.

कोल्बी बसला. रायफल हातातून सुटली. आणि तो ओरडायला लागला.

मी बापाकडं धावले. गोळी दंडातून आरपार गेली होती, हाड चुरा झालं होतं. मी माझा पट्टा काढून त्याचा दंड आवळला, नळी परत त्याच्या नाकात घातली. तो शुद्धीवर होता. डोळे मिटून शिव्या देत होता, मला, डेलला, टाकीला.

डेल वीस पावलांवर कोल्बीच्या अंगावर वाकला होता. जखम जांघेत होती, इतक्या वर की पट्टा आवळायला जागाच नव्हती. त्यानं स्वतःचा शर्ट फाडून आत कोंबला, त्यावर गुडघा ठेवून सगळा भार टाकला. माती काळी होत गेली. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तो कोल्बीशी सतत बोलत होता, पण काय ते मला ऐकू येत नव्हतं. हळूहळू ओरडणं थांबलं, मग नुसतं कण्हणं, मग तेही नाही. डेल तरी दाबतच राहिला. गाड्या आल्या तेव्हा शेरीफच्या दोन माणसांनी त्याला काखेत हात घालून उठवलं.

डेलवर गुन्हा झाला नाही. दुसऱ्याचा जीव वाचवताना झाडली असं ठरलं. पण कोल्बीचा फोन पहिल्या गोळीला फुटला होता, त्यामुळं जगानं पाहिलेला व्हिडिओ बरोब्बर तिथंच तुटत होता. दुसऱ्या दिवसापासून लोक लिहायला लागले: नाटक आहे, बघा कसं नेमकं वेळेवर बंद पडलं. म्हातारा भाड्यानं आणलेला. रक्त सॉसचं. कुणीतरी माझ्या गालावरच्या टाक्यांचा फोटो मोठा करून रंगरंगोटी म्हणून दाखवला. डेलनं एक शेवटचा व्हिडिओ केला. नऊ मिनिटं, एकही कट नाही, मागं संगीत नाही. सगळं सांगितलं, सैन्यातला कागदही दाखवला. खालच्या प्रतिक्रियांत सगळ्यात वरची ओळ होती: 'अभिनय सुधारलाय.'

गिडियन एकदा आमच्या दारात आला. नाक वाकडंच बसलं होतं. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"ती पेटी मी दाखवायला नको होती," तो म्हणाला.

"हो," डेल म्हणाला.

"तुझ्या आयुष्याची मी माती केली त्याचं मला काही वाटत नाही. ती तू केलीस. पण त्या पोराचं..." त्यानं तीन बोटांचा हात वाकड्या नाकावरून फिरवला. मग तो गेला. त्यानंही चॅनल बंद केलं असं नंतर कळलं.

महिन्याभरानं, एका मंगळवारी सकाळी, जुनी निळी गाडी आली. तिच्यातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, जाडजूड रबरी तळाचे बूट, कोंबड्यांच्या कारखान्यात घालतात ते.

"मी लॉना रेन्फ्रो," त्या म्हणाल्या. "कोल्बीची आई."

मी बाजूला झाले. त्या टेबलाशी बसल्या. मी गोड चहाचा पेला पुढं ठेवला, त्यांनी हात लावला नाही. डेल समोर उभा होता.

"बसा," बाई म्हणाल्या. "मला मान वर करून बोलायचं नाही."

डेल बसला.

"मी भांडायला आले नाही. भांडण करून बघितलं घरी, भिंतींशी. मला एवढंच विचारायचंय. तुम्ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतात ना?"

"हो."

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"काय म्हणाला?"

डेलनं खाली बघितलं. "तुमचं नाव घेत होता," तो म्हणाला. "आईला बोलवा म्हणत होता."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"मिस्टर प्रेदर," त्या म्हणाल्या, "आम्ही सात महिने बोलत नव्हतो. त्यानं नोकरी सोडली तेव्हा मी त्याला घराबाहेर काढला होता. मी इथं पाच तास गाडी चालवत आले. मला खरं सांगा."

मला वाटलं डेल उठून जाईल. तो उठला नाही. त्यानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"आधी दुखतंय म्हणाला. मग पाय गार पडलेत म्हणाला. मग विचारलं, 'सर, चालू आहे ना?'"

"काय चालू?"

"फोन. लोक बघतायत ना, असं त्याला विचारायचं होतं."

बाईंचा चेहरा हलला नाही. "होता चालू?"

"नाही. माझ्या गोळीनं फुटला होता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"चालू आहे म्हणालो. सगळे बघतायत म्हणालो."

"तो काय म्हणाला?"

"हसला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचे खांदे एकदाच वर आले आणि खाली गेले. मग त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून डेलपाशी गेल्या आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. सगळी ताकद लावून. त्याचा ओठ फुटला. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो तसाच राहिला, मग त्याच्या खांद्यावर पडला, आणि त्या तिथंच धरून उभ्या राहिल्या, पडू नये म्हणून. डेल हलला नाही. त्याच्या हनुवटीवरून रक्त शर्टावर टपकत होतं.

"त्याची गाडी कुठाय?" त्यांनी शेवटी विचारलं. "मला सांगितलं शेरीफकडं आहे म्हणून. आत त्याचे कपडे असतील."

"मी घेऊन जातो तुम्हाला," डेल म्हणाला.

दोघं निळ्या गाडीतून गेले. बाई चालवत होत्या. मी पायरीवर उभी राहून बघत होते. डेल बाजूच्या आसनावर ताठ बसला होता, दोन्ही हात मांडीवर, गाडी रस्त्याला वळताना त्यानं सीटचा पट्टा लावला.

तो संध्याकाळी एकटा आला, पायी, सात मैल. त्यानं तोंड धुतलं, मागच्या खोलीत गेला आणि कपाट उघडून एकेक बंदूक बाहेर काढून पलंगावर ठेवायला लागला. एकवीस होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या सगळ्या पिकअपमध्ये भरून शेरीफच्या कचेरीत जमा करायला नेल्या. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "या विकल्यात तर चांगले पैसे येतील, डेल."

"माहीत आहे," डेल म्हणाला. "कुठं सही करू?"